.४५ कॅलिबरचे ल्युगर

प्रश्न : अमेरिकी चाचणीसाठी बनवलेल्या .४५ कॅलिबरच्या, म्हणजे नळीचा आतला व्यास सुमारे .४५ इंच असलेल्या, ल्युगर पिस्तुलाला संग्राहक एवढे महत्त्व का देतात?

उत्तर : फिलिपिन्समधील लढायांत .३८ कॅलिबरची रिव्हॉल्व्हर अपुरी पडल्याचा अनुभव आल्यावर अमेरिकी लष्कराने १९०७ मध्ये .४५ कॅलिबरच्या पिस्तुलांची चाचणी घेतली आणि तिच्यासाठी या पिस्तुलाचे रचनाकार गेऑर्ग ल्युगर यांनी, गुडघ्यासारख्या दुमडणाऱ्या सांध्याची आपली यंत्रणा तशीच ठेवून, नळी, सांगाडा आणि मॅगझीन (काडतुसे भरण्याचा कप्पा) मोठ्या काडतुसाच्या मापाने नव्याने घडवले. नेहमीची ल्युगर ७.६५ किंवा ९ मिलिमीटरची असत. ही मात्र बोटांवर मोजण्याइतकीच तयार झाली. पुढे ल्युगर बनवणाऱ्या बर्लिनच्या कंपनीने स्पर्धेतून माघार घेतली, कोल्ट आणि सॅव्हेज या अमेरिकी कंपन्या उरल्या व १९११ मध्ये कोल्टची निवड झाली. हरलेल्या उमेदवाराचे मोल विजेत्याहून अधिक ठरावे, ही संग्रहाच्या जगातली नेहमीची गंमत आहे. असा नमुना पाहताना चकाकीला भुलू नये. मागाहून नवा मुलामा दिलेल्या नमुन्यापेक्षा झिजलेला पण मूळ पृष्ठभाग आणि हस्तांतराची सलग कागदपत्रे असलेला नमुना माझ्या मते केव्हाही सरस.