रोजच्या गाडीला कॅम निवडताना

प्रश्न : माझ्याकडे १९७० सालची एमजीबी रोडस्टर (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) आहे. १७९८ सीसी, ८.८ कॉम्प्रेशन (सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते), दोन एसयू कार्ब्युरेटर, चार गिअर, ओव्हरड्राइव्ह नाही. ही प्रदर्शनात नेण्याची गाडी नव्हे, रोज कामावर मी तिनेच जातो. आता इंजिन उघडावंच लागणार आहे, तर सोबत जरा तेज कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघड-बंद करणारा दांडा, थोडक्यात कॅम) बसवावा असं मनात आहे. २७० आणि २८५ अंशांचे दोन कॅम समोर आहेत. मित्र म्हणतात, काम एकदाच करायचं तर मोठाच टाक. हेड (सिलिंडरांवरचं झाकण, ज्यात व्हॉल्व्ह असतात) मात्र आहे तसंच ठेवणार आहे. कोणता घेऊ?

उत्तर : २७० घ्या. आणि हेड आहे तसंच ठेवायचा विचार सोडा, कारण कॅम बदलून हेड तसंच ठेवलं तर अर्धा फायदा वाया जातो. हे का, ते सविस्तर सांगते. एमजीबीची बरीच इंजिनं मी बांधली आहेत आणि सगळ्यात जास्त चुका मी याच एका निवडीत होताना पाहिल्या आहेत.

आधी तुमचं इंजिन दिवसभर कुठल्या फेऱ्यांवर चालतं ते बघू. ३.९ च्या डिफरन्शियलवर (मागच्या चाकांकडच्या गिअरवर) तुमची गाडी चौथ्या गिअरमध्ये दर हजार आरपीएमला साधारण २९ किलोमीटर वेगाने जाते. म्हणजे ताशी ६० ला इंजिन २१०० च्या आसपास आणि ८० ला २८०० च्या आत. कामावर जाताना-येताना तुम्ही ४५०० च्या वर किती वेळा जाता, हे एक आठवडाभर टॅकोमीटरकडे बघून खरंच मोजा. माझा अनुभव असा की लोकांना वाटतं त्यापेक्षा हा आकडा फार लहान निघतो. कॅम निवडायचा तो १५०० ते ४००० या पट्ट्यासाठी. वरचं जे मिळेल ते वर मिळू दे.

आता २७० आणि २८५ या आकड्यांबद्दल. हे ड्युरेशन, म्हणजे व्हॉल्व्ह किती अंश उघडा राहतो ते. पण माझी नजर आधी दुसऱ्याच आकड्यावर जाते : इनटेक व्हॉल्व्ह बंद केव्हा होतो? तुमच्या मूळ कॅमचे आकडे १६–५६ आहेत. पिस्टन वर पोचायच्या १६ अंश आधी इनटेक उघडतो आणि पिस्टन तळाला जाऊन परत ५६ अंश वर चढल्यावर बंद होतो. १६, १८० आणि ५६ मिळून २५२ झाले. २७० चा कॅम साधारण २४–६६ असा असतो, २८५ चा ३०–७५ च्या आसपास.

पिस्टन वर चढायला लागला तरी व्हॉल्व्ह उघडा का ठेवतात? कारण जोरात चालणाऱ्या इंजिनात आत येणाऱ्या हवेला वेग असतो, ती पिस्टन उलटा फिरल्यावरही आत घुसत राहते. हळू चालणाऱ्या इंजिनात तो वेग नसतो. मग चढणारा पिस्टन नुकतंच आत ओढलेलं मिश्रण त्याच वाटेने परत बाहेर ढकलतो. मोठ्या कॅमची गाडी खाली मेल्यासारखी वाटते त्यामागे मुख्यतः हेच आहे.

किती ढकलतो, ते तुमच्याच इंजिनाच्या मापांवरून काढून दिलं आहे. स्ट्रोक ८८.९ मिलिमीटर, कनेक्टिंग रॉड १६५.१. मूळ कॅमवर व्हॉल्व्ह बंद होतो तेव्हा पिस्टनला वर जायला ७३.५ मिलिमीटर उरलेले असतात. खरं दाबलं जातं ते तेवढंच. २७० वर ६७.६ उरतात. २८५ वर ६१.६. म्हणजे कागदावर तुमचं कॉम्प्रेशन ८.८ असलं तरी व्हॉल्व्ह बंद झाल्यापासून मोजलं तर मूळ कॅमवर ते ७.४ च्या जवळ भरतं, २७० वर ६.९ आणि २८५ वर ६.४. हेड न बदलता २८५ टाकलात, तर रोजच्या फेऱ्यांवर तुम्ही स्वतःच्या हाताने इंजिनाचं कॉम्प्रेशन एका पूर्ण अंकाने उतरवलंत असा त्याचा अर्थ.

म्हणून हेड. २७० घालून मूळचं ७.४ परत मिळवायचं तर कागदावरचं कॉम्प्रेशन साडेनऊच्या आसपास न्यावं लागतं. त्यासाठी प्रत्येक सिलिंडरमागे वरची मोकळी जागा साधारण साडेचार घन सेंटिमीटरने कमी व्हायला हवी. हेड घासून हे जमतं, पण अंदाजाने नाही. चेंबरवर (हेडमधल्या त्या मोकळ्या खोलगट जागेवर) काच ठेवून ब्युरेटने (मापाच्या नळीने) तेल सोडा, चारही चेंबर मोजा, मग किती घासायचं ते ठरवा. तुमचं हेड आधी कधी घासलेलं असेल तर वरचा हिशोबच बदलेल, म्हणून मोजल्याशिवाय कुणालाही हेड घासू देऊ नका. हेड घासल्यावर पुशरॉडची लांबी आणि रॉकरचा कोनही (हे दोन भाग कॅमची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत पोचवतात) बघून घ्या.

तुमच्या इंजिनाला मोठा कॅम न मानवण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते चार स्वतंत्र पोर्टांच्या इंजिनांना लागू होत नाही. बी-सिरीजच्या (तुमचं इंजिन याच मालिकेतलं) हेडमध्ये १ आणि २ नंबरच्या सिलिंडरांना मिळून एकच इनटेक पोर्ट आहे, ३ आणि ४ ला दुसरा. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२. म्हणजे २ नंतर लगेच १ चा नंबर येतो आणि ३ नंतर लगेच ४ चा, १८० अंशांच्या फरकाने. मूळ कॅमवरसुद्धा जोडीतले दोन्ही व्हॉल्व्ह ७२ अंश एकाच वेळी उघडे असतात. २७० वर हे ९० होतात, २८५ वर १०५. एका ताटात दोघं जेवताहेत असं समजा. जितका वेळ दोघांचे हात एकदम ताटात, तितकी वाटणी बिघडते. प्लग काढून बघितले तर जोडीतल्या दोघांचा रंग वेगळा दिसतो, आणि कार्ब्युरेटर कितीही जुळवला तरी तो फरक जात नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या स्वतःच्या गाडीत मी २८५ बसवला होता आणि चौदा महिने चालवला. मोकळ्या रस्त्यावर ३५०० च्या पुढे ती अशी सुटायची की आजही आठवलं की अंगावर काटा येतो. पण सकाळच्या गर्दीत दुसऱ्या गिअरमध्ये १५०० वर ती हिसके द्यायची, म्हणून पहिल्यात यायचं, तिथे क्लच अर्धा दाबून सरकायचं. चौदा महिन्यांत क्लच प्लेट संपली. आयडलिंग ११०० च्या खाली टिकेना. पेट्रोल जास्त जाऊ लागलं. शेवटी इंजिन परत उघडून २७० टाकला, हेड साडेनऊला नेलं, आणि पहिल्याच चढावर तिसऱ्या गिअरमध्ये गाडीने ओढलं तेव्हा मला माझी गाडी परत मिळाली. तो कॅम आजही तिच्यात आहे.

कॅम आणलात की तो नुसता खुणेला खूण जुळवून बसवू नका, ही माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे. चेनच्या चाकांवरचे ठिपके जुळले म्हणजे कॅम जागेवर बसला असं होत नाही. चाकाची खाच, कॅमची खाच, चेनचा ताण, या प्रत्येकात थोडा थोडा फरक असतो आणि तो साठत जातो. क्रँकला डिग्री व्हील (अंशांच्या खुणांची चकती) लावा, पिस्टनला अडथळा लावून दोन्ही बाजूंनी टेकवून खरा टॉप डेड सेंटर (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) काढा, आणि १ नंबरच्या इनटेकवर डायल गेज धरा. २४–६६ च्या कॅमची पूर्ण लिफ्ट (व्हॉल्व्हची सगळ्यात जास्त उचल) टॉप डेड सेंटरनंतर १११ अंशांवर यायला हवी. शिखरावर गेज बराच वेळ हलत नाही, म्हणून शिखर थेट शोधू नका. शिखराच्या दोन्ही बाजूंना सारखी लिफ्ट कुठे येते ते वाचा आणि दोन्ही आकड्यांचा मध्य काढा.

एका इंजिनात ठिपके अगदी सरळ रेषेत होते आणि मला १११ ऐवजी ११६ मिळाले. पाच अंश म्हणजे काय मोठंसं, असं गाडीच्या मालकाला वाटलं. पण पाच अंश उशीर म्हणजे व्हॉल्व्ह ६६ ऐवजी ७१ वर बंद होणार. २७० विकत घेऊन २८५ च्या अर्ध्या वाटेवर जाऊन बसल्यासारखंच ते. ऑफसेट चावी (कॅमचं चाक थोडं सरकवून बसवणारी) घालून दुरुस्त केलं. रोजच्या गाडीला मी मुद्दाम २ अंश आधीच ठेवते, कारण चेन वापराने सैल होते आणि कॅम मागेच सरकतो. आणि चेनचं काम निघालंच आहे तर दुहेरी चेन आहे का बघा. उशिराच्या इंजिनांत एकेरी आली, तुमच्यात कुणी काय घातलं असेल ते उघडल्यावरच दिसेल.

बाकीचं थोडक्यात. स्प्रिंगा कॅम बनवणाऱ्याने सांगितलेल्याच घ्या आणि पूर्ण लिफ्टला वेढे एकमेकांना टेकत नाहीत, निदान एक मिलिमीटर जागा उरते, हे बघा. हेड घासल्यावर पिस्टन आणि व्हॉल्व्हमधलं अंतरही तपासा. पिस्टनवर मातीचा गोळा ठेवून इंजिन हाताने दोन फेऱ्या फिरवलं की ठसा उमटतो. इनटेकला २ आणि एक्झॉस्टला २.५ मिलिमीटरपेक्षा कमी मी कधी ठेवत नाही. टॅपेटची फट (व्हॉल्व्ह बंद असताना ठेवायची मोकळीक) कॅमच्या कागदावर लिहिलेली ठेवा, मूळची ०.०१५ इंच नव्हे. एसयूच्या सुया (पेट्रोलचं प्रमाण ठरवणाऱ्या) बदलाव्या लागतील, पण ते गाडी चालवून बघितल्यावर. ब्रेकला सर्व्हो (इंजिनाच्या व्हॅक्यूमने ब्रेक हलका करणारा भाग) असेल तर २७० वर व्हॅक्यूम थोडा कमी मिळेल, चिंता करण्याइतका नाही.

प्रश्न : कॅम नवीन घेतला आहे. टॅपेट (कॅमवर टेकून वर-खाली होणारे दट्टे) काढून बघितले तर गुळगुळीत आहेत, एकावरही खड्डा नाही. तेच वापरले तर चालतील का?

उत्तर : नाही. टॅपेटचा तळ डोळ्याला सपाट दिसतो, पण नवा असताना तो मध्ये अगदी किंचित फुगीर असतो आणि कॅमचा लोब (टॅपेटला उचलणारा फुगवटा) किंचित उतरता घासलेला असतो. त्यामुळे टॅपेट वर-खाली होताना स्वतःभोवती फिरत राहतो आणि झीज एका जागी होत नाही. जुना टॅपेट जुन्या लोबच्या आकाराला झिजलेला असतो. नव्या लोबवर तो फिरत नाही, घासतो, आणि काही तासांत दोघांचाही बळी जातो. जुनाच कॅम परत घालायचा असेल तर मात्र प्रत्येक टॅपेट ज्या भोकातून निघाला त्याच भोकात गेला पाहिजे.

पहिल्यांदा चालू करतानाही तेवढीच काळजी घ्या. लोब आणि टॅपेटच्या तळाला कॅमची मॉलिब्डेनमची पेस्ट लावा. प्लग काढून स्टार्टरवर तेलाचा दाब येईपर्यंत फिरवा, पण फार वेळ नको, नाहीतर पेस्ट पुसली जाईल. टायमिंग आधी जुळवून ठेवा, कार्ब्युरेटरच्या वाट्या पेट्रोलने भरून ठेवा, म्हणजे इंजिन पहिल्या झटक्यात चालू होईल. चालू झालं की लगेच २००० ते २५०० वर न्या आणि वीस मिनिटं तिथेच वर-खाली करत ठेवा. आयडलला सोडू नका. लोबवर तेल येतं ते मुख्यतः क्रँकवरून उडालेलं, आणि आयडलला ते पुरेसं उडत नाही. काही गळताना दिसलं तर इंजिन बंद करा, दुरुस्त करा, आणि राहिलेली मिनिटं मग पूर्ण करा. तेल जस्त आणि फॉस्फरस भरपूर असलेलं, जुन्या सपाट टॅपेटच्या इंजिनांसाठीचं घ्या. आजच्या गाड्यांच्या तेलात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वाचवण्यासाठी हे दोन्ही कमी केलेले असतात.

प्रश्न : दोन विक्रेत्यांचे कॅम, दोन्हींवर २७० लिहिलेलं, पण माझा मेकॅनिक म्हणतो दोन्ही सारखे नाहीत. असं कसं?

उत्तर : तुमचा मेकॅनिक बरोबर सांगतोय. प्रश्न आहे तो मोजायला सुरुवात कुठून केली याचा. कुणी व्हॉल्व्ह जागेवरून जेमतेम हलला की मोजायला लागतो, कुणी थोडा उचलल्यावर. लोबची सुरुवातीची चढण फार सावकाश असते, म्हणून तिथे केसभर फरक केला तरी दहा-पंधरा अंश सहज बदलतात. दोघांकडूनही ०.०५० इंच लिफ्टवरचे आकडे मागा. ते चाळीस-पन्नास अंशांनी लहान दिसतील, त्याने बिचकू नका. त्याच मापावर इनटेक बंद होण्याचा अंश दोन्हींचा लिहून घ्या, आणि ज्याचा लवकर बंद होतो तो घ्या. जो विक्रेता हे आकडे देत नाही त्याचा कॅम मी घेत नाही.