हसू द्या की त्यांना!

प्रश्न : सुट्टीत नातवंडं मोबाईलवर काही ना काही गमतीचं शोधून मला दाखवत असतात. मलाही त्यांना आपल्याकडचं जुनं काहीतरी दाखवायचंय. फाळक्यांच्या मूकपटांचं नाव काढलं तर म्हणतात, ‘ते तुरुतुरु पळणारे लोक ना?’ उद्या ती फिदीफिदी हसली तर मला फार लागेल. काय करू?
– एक आजी, सातारा

उत्तर : आजी, मूकपटच दाखवा आणि पोरं हसली तर खुशाल हसू द्या. फक्त सुरुवात ‘राजा हरिश्चंद्र’ने नको, ‘कालिया मर्दन’ने करा. 1919 चा हा मूकपट यूट्यूबवर आहे, आणि त्याचा बराचसा भाग शाबूत आहे. कृष्ण झालीय फाळक्यांची मुलगी मंदाकिनी, तेव्हा जेमतेम सात वर्षांची. गोष्ट सुरू व्हायच्या आधी पडद्यावर नुसता तिचा चेहरा येतो. एकामागून एक भाव ती त्यावर आणून दाखवते, आणि मग त्याच पोरीचा कृष्ण होतो. मला हा तुकडा अख्ख्या मूकपटाहून प्रिय आहे. बापाला लेकीचं केवढं कौतुक होतं, ते त्यात लपत नाही. पुढे कृष्ण डोहात कालियाशी झुंजतो आणि काठावर सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो. फाळके एकदा पाण्यात, एकदा काठावर असं आपल्याला फिरवत राहतात. तिथे पोरं गप्प बसतील.

आता त्या तुरुतुरु पळण्याचं. तेव्हा कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवत. सेकंदाला साधारण सोळा चित्रं टिपली जात. तीच फिल्म चोवीसच्या वेगाने लावली की माणसं पळू लागतात. त्यात फाळक्यांचा काही दोष नाही. यूट्यूबच्या सेटिंगमध्ये वेग 0.75 करा, चाल बरीच ताळ्यावर येते. मागाहून चिकटवलेलं संगीत असेल तर आवाजही बंद करा.

मग ‘राजा हरिश्चंद्र’. आज दिसतं ते मूळ 1913 चं की फाळक्यांनी 1917 मध्ये पुन्हा काढलेलं, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण तारामती सख्यांसह हौदात उतरते तो प्रसंग चुकवू नका. ओल्या साड्यांतल्या त्या सगळ्या बायका म्हणजे पुरुष! बायका कामाला मिळेनात, म्हणून फाळक्यांनी मुंबईतल्या एका खाणावळीत स्वयंपाक करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना तारामती केलं. इतर गडी मिशा काढायला तयार होईनात, कारण मिशी उतरवायची ती वडील गेल्यावर. हे आधी सांगून मग प्रसंग लावा. पोरं एकेक चेहरा निरखून बघतील. आणि 1917 च्या ‘लंकादहन’मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता दोघांचंही काम केलं, हे सीन संपल्यावर सांगा.