पत्रावरचे पद आणि हातातले काम

‘कंपनी अनुभवपत्रात फक्त पद आणि तारखा देते, तेवढ्यावर कॅनडात कायम वास्तव्यासाठीचा अर्ज टिकेल का?’ हा प्रश्न मला सतत विचारला जातो. चाकणच्या एका टूलरूममध्ये (साचे व हत्यारे बनवणाऱ्या विभागात) नऊ वर्षे काढलेले एक डिप्लोमाधारक गृहस्थ तोच प्रश्न घेऊन आले, तेव्हा त्यांच्या पत्रावर ‘असिस्टंट मॅनेजर’ असे पद होते आणि कोणा एजंटने त्यांना उत्पादन व्यवस्थापकाच्या वर्गात अर्ज भरायला सांगितले होते.

मी पत्र बाजूला ठेवून विचारले, ‘सकाळी मशीनपाशी गेल्यावर पहिले काय करता?’ मग ते खुलले. ड्रॉइंग वाचायचे, जॉब म्हणजे घडवायचा तुकडा मशीनवर बांधायचा, झिरो म्हणजे मापाचा आरंभबिंदू घ्यायचा, पहिला नग मायक्रोमीटरने तपासायचा आणि मगच पुढचे नग सोडायचे, असे अर्धा तास सांगत राहिले. हे मशिनिस्टचे काम. कॅनडाच्या व्यवसाय वर्गीकरणात त्याचा संकेतांक 72100 आहे. कुशल कामगारांना कायम वास्तव्य देणाऱ्या फेडरल स्किल्ड वर्कर योजनेत गेल्या 10 वर्षांतला सलग किमान एका वर्षाचा पगारी अनुभव लागतो आणि त्या संकेतांकाखाली दिलेल्या मुख्य कामांपैकी बरीचशी कामे प्रत्यक्ष केलेली असावी लागतात. पदाचे नाव काहीही असो. मॅनेजर म्हणवून घेतल्याने कॅनडाबाहेरच्या अनुभवासाठी अर्जदाराला मिळणारे गुण वाढत नाहीत, हे ऐकून मात्र त्यांचा चेहरा जरा उतरलाच.

खरी अडचण पत्राची होती. लेटरहेडवर कामाचा तपशील, तारखा, आठवड्याचे तास, वार्षिक पगार व भत्ते आणि सही करणाऱ्याचे नाव व पद असावे लागते. एचआरने ‘आमचा फॉरमॅट ठरलेला आहे’ असे ई-मेलने कळवले. तो नकारच आम्ही जपून ठेवला, नियुक्तीपत्र, पगारपत्रके, बँकेचे खातेउतारे व पीएफ पासबुक यांना त्यांच्या जुन्या वरिष्ठांचे सहीचे पत्र जोडले आणि हे सारे का जोडले, याचा खुलासा वेगळ्या पत्रात केला. असा पुरावा मान्य करायचा की नाही हे अधिकारी ठरवतो, हे मी त्यांच्यापासून लपवले नाही.

वरिष्ठांच्या पत्रासाठी वर्गीकरणातली वाक्ये जशीच्या तशी उतरवण्याचा मोह त्यांना झाला होता; अशी पत्रे लगेच ओळखू येतात आणि खोटी माहिती सिद्ध झाल्यास कॅनडात प्रवेशाला 5 वर्षांची बंदी येते. मसुदा पुन्हा वाचताना त्यांनी आपणहून ‘पंधरा जणांच्या टीमचे नेतृत्व’ ही ओळ खोडली. हाताखाली दोन हेल्पर होते; तेवढेच लिहिले.