आजेसासूबाईंचं ‘मोरस’

प्रश्न : डिसेंबरात लग्न झालं की मुलगा आणि सून मॉरिशसला फिरायला जाणार आहेत. हे ऐकून माझ्या 86 वर्षांच्या सासूबाई म्हणाल्या, “माझ्या पणजोबांचा धाकटा भाऊ मोरसला गेला, तो परत आलाच नाही.” घरात हे कुणालाच माहीत नव्हतं. कोकणातला माणूस त्या काळी तिथे कशाला गेला असेल? आता काही शोधता येईल का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : ताई, सासूबाईंच्या तोंडचा ‘मोरस’ हा शब्द ऐकून मला माझी आजी आठवली. ती पांढऱ्या साखरेला ‘मोरस साखर’च म्हणायची. ती साखर मॉरिशसची, म्हणून हे नाव. आणि तुमचा माणूस गेला तोही त्या साखरेपायीच, असं मला वाटतं.

तिथली गुलामगिरी 1835 मध्ये संपणार, हे आधीच ठरलं होतं. उसाच्या मळ्यांना माणसं हवी होती, म्हणून इंग्रजांनी हिंदुस्थानातून करारावर मजूर न्यायला सुरुवात केली. 2 नोव्हेंबर 1834 ला ‘ॲटलस’ जहाजातून 36 जण उतरले. पुढे सुमारे साडेचार लाख गेले. बहुतेक भोजपुरी मुलखातले, कलकत्त्याहून; आपले रत्नागिरीकडचे मुंबई बंदरातून. करार पाच वर्षांचा, पण बरेचजण तिथेच राहिले. गावाकडे पोटाची सोय नव्हती, हेच खरं कारण.

आज त्याच बेटावर आपली मुलं निळं पाणी बघायला, मधुचंद्राला जातात. याचं मला वाईट वाटत नाही. उलट सहा पिढ्यांत आपण कुठून कुठे आलो, याचा आनंदच वाटतो. फक्त राजधानी पोर्ट लुईला, हे मजूर जिथे उतरायचे तो ‘आप्रवासी घाट’ आहे, तिथे त्यांना एक सकाळ घालवायला सांगा. मी गेले तेव्हा त्या 16 दगडी पायऱ्यांपाशी बराच वेळ नुसती उभी होते. जहाजातून उतरलेली कितीतरी माणसं तिथूनच वर चढली. पायऱ्या तशा लहानच आहेत, घाईत असलात तर नजरेतून सुटतील.

शोधायचं म्हणाल, तर मॉरिशसमधल्या मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मजुरांच्या नोंदवह्या जपल्या आहेत. नाव, वय, उंची, जात, गाव, जहाज, प्रत्येकाला दिलेला क्रमांक आणि पुढच्या काळातल्या काहींचे फोटोसुद्धा. आधी पत्र पाठवून विचारा, अचानक जाऊन उपयोग नाही. कारकुनाने कानावर पडलं तसं नाव लिहिलेलं असतं, त्यामुळे स्पेलिंग दहा तऱ्हांनी पाहावं लागतं.

तिथल्या शाळांत आजही मराठी शिकवतात, गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. आता तिकडची मराठी माणसं अशाच जुन्या नोंदीवरून आपलं गाव शोधत कोकणात येतात. कुणी सांगावं, तुमच्या त्या आजोबांची नातवंडंपतवंडंही तुम्हाला शोधत असतील.

तेव्हा डिसेंबरची वाट पाहू नका. आजच सासूबाईंजवळ वही घेऊन बसा आणि त्या भावाचं नाव, वडलांचं नाव, मूळ वाडी, जे आठवेल ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या.