एटीव्हीचा ब्रेक तापल्यावर जाम होणे आणि चाकातून आवाज येणे : पॅड बदलण्याआधी काय तपासावे

आपल्या प्रश्नाचा आशय असा, की वरूड तालुक्यातील संत्र्याच्या बागेत दोनशे लिटरची फवारणीची टाकी ओढणाऱ्या आपल्या एटीव्हीच्या (जाड टायरांच्या, हँडलने वळणाऱ्या छोट्या चारचाकीच्या) पुढच्या उजव्या चाकातून ब्रेक दाबताच किंचाळल्यासारखा आवाज येतो, आणि तासभर काम झाले की मागचा ब्रेक पाय काढल्यानंतरही सुटत नाही; गाडी सावलीत थंड झाली की चाके आपोआप मोकळी होतात. मिस्त्रीने सगळे पॅड बदलले, ब्रेक ऑइलची डबी काठोकाठ भरून दिली आणि तरीही काहीच फरक पडला नाही.

हे दोन वेगळे बिघाड आहेत आणि त्यांची कारणेही बहुधा वेगळी आहेत. त्यातला जाम होण्याचा बिघाड धोक्याचा आहे, म्हणून तो आधी घ्यावा. तो निस्तरेपर्यंत टाकी जोडून गाडी उतारावर नेऊ नये, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

थंड झाल्यावर ब्रेक सुटतो, हा आपण दिलेला तपशील सर्वांत मोलाचा आहे. कॅलिपरचा, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचा, पिस्टन गंजून अडकला असता, तर ब्रेक सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतरही तितकाच घट्ट राहिला असता. तापल्यावर जाम आणि थंड झाल्यावर मोकळा, याचा अर्थ बहुतेक वेळा एकच असतो : दाब सोडल्यानंतर ऑइलला मास्टर सिलिंडरमधून (पेडल दाबल्यावर ऑइलवर दाब देणाऱ्या नळकांड्यातून) वर डबीत परत जायला वाट मिळत नाही. मास्टर सिलिंडरमध्ये एक अगदी बारीक छिद्र असते आणि पेडल पूर्ण मागे आल्यावरच ते उघडे होते. ते झाकलेले राहिले, की तापून फुगलेले ऑइल आतच कोंडते, पॅड डिस्कवर दाबले जातात, घर्षणाने उष्णता आणखी वाढते आणि ऑइल आणखी फुगते. शेवटी चाक फिरत नाही.

याची खात्री एका पान्याने होते. ब्रेक जाम झाला, की थंड होण्याआधीच गाडी सपाट जमिनीवर घ्या, पुढच्या चाकांना लाकडी ओंडके लावा, पार्किंग ब्रेक सोडून गाडी न्यूट्रलमध्ये टाका आणि मागची बाजू जॅकवर उचला. कॅलिपरवरच्या ब्लीडर निपलला (ऑइल व एअर बाहेर सोडण्याच्या छोट्या स्क्रूला) पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक बाटलीत सोडा आणि निपल अर्धा फेरा सैल करा. ऑइल गरम असते आणि जोरात उडू शकते, म्हणून हातमोजे व चष्मा हवाच. निपल सैल करताच ऑइलची पिचकारी आली आणि चाक हाताने फिरू लागले, तर दाब कोंडला होता हे सिद्ध झाले. कॅलिपर आणि पॅड बहुधा निर्दोष आहेत. निपल उघडूनही चाक घट्टच राहिले, तर दोष चाकाजवळ आहे : पिस्टन, सरकत्या पिना, पार्किंग ब्रेकची केबल किंवा बेअरिंग. हे कळल्याशिवाय एकही सुटा भाग विकत घेऊ नये. पॅडवर झालेला खर्च याच कारणाने वाया गेला आहे.

दाब कोंडला होता असे निघाले, तर पुढच्या वेळी जाम झाल्यावर निपलला हात न लावता मास्टर सिलिंडरवर जिथे पाइप जोडलेला असतो, तो बोल्ट किंचित सैल करून पाहा. तिथे सैल केल्यावर चाक सुटले, तर दोष मास्टर सिलिंडरचा किंवा पेडलचा. तिथे सुटले नाही आणि निपलवर सुटले, तर या दोहोंमधला रबरी पाइप आतून फुगून बंद झाला आहे. तो बाहेरून अगदी नवा दिसू शकतो. तो बदलण्यावाचून इलाज नाही. दोन्ही प्रयोगांनंतर ब्रेकमधली एअर नीट काढावी लागेल आणि ती काढल्याशिवाय गाडी हलवू नये.

माझा अंदाज पेडलकडे आहे. आपल्या भागातली काळी माती ओली असताना चिकटते आणि वाळली की दगडासारखी होते. पावसाळ्यात पांदणीतून गेलेल्या गाडीच्या पेडलखाली आणि त्याच्या पिनेभोवती तिचा थर बसतो, उन्हाळ्यात तो टणक होतो आणि पेडल दोन-तीन मिलिमीटर अलीकडेच अडते. डोळ्यांना पेडल मागे आलेले दिसते, पण ते बारीक छिद्र झाकलेलेच राहते. पेडल खोलून पीन व बुश स्वच्छ करा, रिटर्न स्प्रिंग तपासा आणि हाताने पेडल दाबून पाहा : ब्रेक लागण्याआधी थोडा मोकळा प्ले, म्हणजे पेडलची सैल हालचाल, जाणवलाच पाहिजे. तो किती हवा, हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. कुणी अॅडजस्टिंग बोल्ट कसून हा प्ले संपवला असेल, तर तेही कारण पुरेसे आहे. चालवणाऱ्याला पेडलवर पाय टेकवून बसण्याची सवय आहे का, हेही विचारून घ्या, कारण त्या सवयीचा परिणाम हुबेहूब असाच दिसतो.

यानंतर डबीचे झाकण काढा. त्याआधी ते पुसून घ्या, कारण धुळीचा एक कण त्या छिद्राला पुरतो. पेडल अगदी हळू, थोडेसेच दाबा. छिद्र मोकळे असेल तर ऑइलच्या पृष्ठभागावर छोटासा उमाळा येतो. नसेल तर पृष्ठभाग हलत नाही. डबी काठोकाठ भरणे मात्र चुकीचे आहे. तापलेले ऑइल फुगायला थोडी जागा लागते, म्हणून पातळी दोन खुणांच्या मध्येच असावी. नव्या पॅडसाठी पिस्टन मागे ढकलल्यावर ती आपोआप वर येते, त्यामुळे पॅड बदलताना सहसा ऑइल घालावेच लागत नाही.

झाकणाखालचा रबरी पडदा फुगून लांबलेला आणि जागेवर न बसणारा दिसला, तर गोष्ट गंभीर आहे. याचा अर्थ कुणीतरी ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक ऑइल किंवा इंजिन ऑइल घातले आहे. ब्रेकचे रबर खनिज तेलात फुगते आणि मास्टर सिलिंडरमधला फुगलेला रबरी वॉशर छिद्र कायमचे झाकतो. अशा वेळी केवळ ऑइल बदलून भागत नाही. मास्टरचे किट, कॅलिपरची सीले आणि रबरी पाइप सगळेच बदलावे लागतात. डबीच्या झाकणावर लिहिलेल्या दर्जाचेच ऑइल, बहुधा डॉट ४, सीलबंद बाटलीतून घ्या. डॉट ४ किमान २३० अंशांना उकळते, पण ते हवेतली ओल शोषते आणि ओल शिरल्यावर उत्कलनबिंदू १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. म्हणूनच सतत घासणारा ब्रेक आधी धरतो आणि नंतर ऑइल उकळून पेडल एकदम पोकळ होते. उतारावर टाकी मागून ढकलत असताना हे घडले, तर गाडी थांबत नाही. दर दोन वर्षांनी ऑइल बदलण्याचा नियम पाळावा.

आता पुढच्या चाकाचा आवाज. तीक्ष्ण किंचाळी असेल, तर पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झाला असण्याची किंवा पॅड मोकळे थरथरण्याची शक्यता जास्त. करकर घासल्याचा आवाज असेल, तर पॅडचा पत्रा डिस्कला लागत आहे किंवा खडा अडकला आहे, आणि गाडी तिथेच थांबवावी. दर फेऱ्याला एकदा येणारा आवाज वाकलेल्या डिस्ककडे बोट दाखवतो, आणि ब्रेक न दाबताही येणारी घरघर बेअरिंगकडे. चाक उचलून वर-खाली हलवले की बेअरिंगमधली ढिलाई लगेच हाताला कळते.

चाक काढून आतला आणि बाहेरचा पॅड शेजारी ठेवून पाहा. एक जास्त झिजलेला दिसला, तर कॅलिपर त्याच्या सरकत्या पिनांवर नीट सरकत नाही. त्या पिनांवरचे रबरी टोप फाटले, की आत पाणी आणि माती जाते, ग्रीसचा काळा चिकट लगदा होतो आणि पीन बोटाने ढकलूनही हलत नाही. पिना पुसून, गंज बारीक पॉलिश पेपरने काढून, टोप नवे घालून सिलिकॉन ग्रीस लावा. चाकाच्या बेअरिंगचे साधे ग्रीस तिथे चालत नाही, कारण तेही रबर फुगवते. पॅडच्या मागची पत्र्याची स्प्रिंग मिस्त्रीने परत बसवली आहे ना, हेही पाहा. ती नसली की नवे पॅडही वाजतात. सफाई ब्रेक क्लीनरने करावी, डिझेलने कधीही नाही. डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा डिस्क पातळ झाली असेल, तर ती बदलावीच लागते.

नवे पॅड जुन्या गुळगुळीत डिस्कवर तसेच चढवले असतील, तर डिस्क पॉलिश पेपरने गोलाकार घासून पॅड बसवून घ्या : टाकी न जोडता, मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून हळूहळू वेग कमी करायचा, पूर्ण थांबायचे नाही, मध्ये थंड होऊ द्यायचे आणि हे बऱ्याच वेळा करायचे.

काही मॉडेलांत मागचा ब्रेक बंद पेटीत तेलात बुडालेला असतो. त्याला वरचे पॅड-डिस्कचे उपाय लागू नाहीत, तिथे पेटीतले तेल आणि पेडलचा प्ले पाहावा. म्हणून मॉडेलचे नाव, निपल सैल केल्यावर चाक सुटले की नाही आणि डबीतल्या रबरी पडद्याची स्थिती या तीन गोष्टी कळवा. दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो आणि त्यावर ट्रॉलीचे वजन; ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसेल, तर हुकाजवळच्या पट्टीवर छापलेली ओढण्याची मर्यादाही वाचून त्यासोबत लिहा.