डिकीत टाकी, मग बेस कुठे?

प्रश्न: दादा, माझी वॅगनआर आहे, डिकी सीएनजीच्या टाकीने खाल्लीय पण गाण्यांना बेस तर हवाच. नाना पेठेतला फिटर म्हणतो मागच्या सीटवर बॉक्स ठेवू. ठेवू का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर: अरे मग घरच्यांना काय टपावर बसवणार? सीटखाली बसणारा ८ इंची अ‍ॅक्टिव्ह सबवूफर, म्हणजे बेसचा स्पीकर घे, अ‍ॅम्प (आवाज वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर) त्यातच असतो, फक्त आधी सीट मागेपुढे सरकवून खालची उंची नीट मोज. पॉवरची वायर थेट बॅटरीवरून आण आणि फ्यूज बॅटरीजवळच, ४५ सेंमीच्या आत लाव, कारण वायर कुठे घासून बॉडीला टेकली तर आग लागू शकते, यात फिटरचं ऐकू नकोस. आरसीए केबल, म्हणजे स्टिरिओकडून सबवूफरला आवाज नेणारी वायर, पॉवरच्या वायरपासून लांब, गाडीच्या दुसऱ्या बाजूने ने, नाहीतर रेस दिली की कुंई आवाज येतो. कंपनीचं वायरिंग मात्र कापू देऊ नको, न कापता जोडायचे तयार कपलर मिळतात.