लेकीला इलेक्ट्रिकल मिळतंय, घ्यावं का?

ताई, लेकीला माटुंग्याच्या व्हीजेटीआय या इंजिनिअरिंग कॉलेजला इलेक्ट्रिकल मिळतंय आणि घराजवळच्या खासगी कॉलेजात कॉम्प्युटर. ऐरोलीहून रोज माटुंगा झेपेल का आणि पुढे नोकरीचं काय, असं तुम्ही विचारलंय. मी कळव्याला राहतो, वीस वर्षं वीजवहनात काम करतोय. विषयाची ओढ असेल तर इलेक्ट्रिकलच घ्या.

ओढ आहे का ते बघायचं तर ठाण्याच्या फलाटावर तिला वरच्या तारेकडे बघायला सांगा. ३ फेब्रुवारी १९२५ला व्हीटी ते कुर्ला विजेवरची पहिली गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर. आज तारेत २५,००० व्होल्ट एसी, म्हणजे दिशा सतत बदलणारी वीज आहे. दाब जवळपास सतरापट वाढला की तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह तितक्याच पटीने कमी लागतो, आणि तारेत उष्णता होऊन वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या हिशेबाने घटते. हे ऐकून "मग पहिल्यापासूनच एसी का नव्हतं?" असं तिने विचारलं, तर निर्धास्त राहा. (त्या काळी डीसी मोटरचा वेग सांभाळणं सोपं होतं, म्हणून.)

खरी कसोटी दुसऱ्या वर्षी लागते. फुरिये, लाप्लास, सिग्नल्स असे गणिताने भरलेले विषय येतात. पहिल्या वर्षाचं गणित कच्चं राहिलं की केटी (विषय राहून पुन्हा परीक्षा) लागतेच, शिवाय विषयाची भीतीही बसते.

आणि लॅब! आमच्या कॉलेजात फाइलमधली रीडिंग सिनियरकडून उतरवायची पद्धत होती. एक सेमिस्टर मीही तेच केलं, त्याचं आजही वाईट वाटतं. पुढे एकदा आल्टरनेटर (एसी वीज बनवणारं मशीन) स्वतः सिंक्रोनाइझ केला, म्हणजे चालू वीजपुरवठ्याशी ताल जुळवून जोडला. दोन्हींच्या मध्ये लावलेले तीन दिवे एकदम उजळत, एकदम मंदावत होते. वेग जुळत आला तशी ती लय संथ झाली आणि तिन्ही विझले त्या क्षणी मी स्विच दाबला. कामावर ५० हर्ट्झचा, म्हणजे विजेच्या तालाचा आकडा बघताना अजून ते दिवे आठवतात. व्हीजेटीआयसारख्या ठिकाणी एमटेक, पीएचडीवाले त्याच विभागात काम करत असतात. तिने त्यांच्याकडे जाऊन बसावं, प्रश्न विचारावेत.

नोकरीसाठी महापारेषण, महावितरणच्या भरत्या आहेत, गेट ही परीक्षा देऊन पॉवरग्रिड, एनटीपीसी या केंद्राच्या वीज कंपन्या आहेत. कोडिंगकडेही बरेच जण जातात. प्रवास म्हणाल तर ट्रान्सहार्बरने ठाणे, तिथून स्लो लोकल. पहिले दोन महिने ती दमेल, मग सवय होते.

सीट फ्रीझ (पक्की) करण्याआधी एकदा तिला घेऊन विभागात जाऊन या. परवानगी मिळाली तर मशीन्स लॅब आतून बघू द्या.